स्कॉटलंडचं रान: एबरनेथीचं पाइनवन की सुनार्टची ओकराई?

मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून येणार, हाताशी तीन दिवस, एडिंबरा-ग्लासगो फिरून झालेलं. "खरं स्कॉटिश जंगल कुठलं दाखवू?" हा प्रश्न इथल्या मराठी मंडळींत दर उन्हाळ्यात निघतो. माझ्या लेखी उत्तरात दोनच नावं येतात. पूर्वेकडे केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानातलं एबरनेथी आणि पश्चिम किनाऱ्यावरची सुनार्टची ओकराई. नकाशावर दोन्हींत सव्वाशे किलोमीटरचं अंतर, पण रानं इतकी वेगळी की एक पाहून दुसऱ्याची कल्पना येत नाही.

आधी एक अपेक्षा घरीच ठेवून निघा. यातलं एकही ताडोबा नाही. गेट नाही, जिप्सी नाही, सहाचं बुकिंग नाही. 2003 च्या कायद्याने इथे जवळपास कुठल्याही रानात नीट वागून पायी फिरायचा हक्क दिला आहे. अस्वलं, लांडगे शेकडो वर्षांपूर्वीच संपले. तेव्हा "काय दिसलं?" असं विचारत फिरणारा माणूस दोन्हीकडे हिरमुसतो.

एबरनेथी म्हणजे उजेडाचं रान. स्कॉट्स पाइनची झाडं एकमेकांपासून अंतर राखून उभी, काही दोन-तीनशे वर्षांची. खोडाची वरची साल नारिंगी, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तापलेल्या तांब्यासारखी दिसते. खाली हेदर आणि ब्लेबेरीची गुडघाभर झुडपं, मधूनच पाइनच्या सुयांनी रचलेली मुंग्यांची कमरेएवढी वारुळं. वारुळाजवळ दोन मिनिटं थांबलात तर सुया वाहणाऱ्या मुंग्यांची रांग दिसतेच. आमच्याकडच्या पोरांना लाल खारीपेक्षा तीच जास्त आवडली.

पक्ष्यांसाठी जायचं असेल तर मात्र चर्चा नको, इथेच जा. तुरेवाला क्रेस्टेड टिट ब्रिटनमध्ये फक्त या हायलँड पाइनवनांत राहतो. जगात फक्त स्कॉटलंडमध्ये सापडणारा स्कॉटिश क्रॉसबिलही इथलाच, चोचीची टोकं एकमेकांवर चढलेली, पाइनच्या बोंडातून बी उचकटायला. लॉख गार्टन या तळ्याच्या काठी ऑस्प्रेचं घरटं आहे. ब्रिटनमधून जवळपास नाहीसा झालेला हा मासेमार शिकारी पक्षी 1950 च्या दशकात इथे परतला. 1958 मध्ये अंडीचोराने घरटं उद्ध्वस्त केलं, आणि पुढच्याच वर्षी पक्षीसंस्थेने घरटं लपवायचं सोडून लोकांना दुरून दाखवायला सुरुवात केली. मला ती चाल अजून थक्क करते. बाबांना उजनीला हिवाळ्यात दिसणारा ऑस्प्रे आठवेल. जात तीच, पण इथले पक्षी थंडीत पश्चिम आफ्रिकेला जातात.

आता कॅपरकॅली. टर्कीएवढा काळा रानकोंबडा, नर चार किलोच्या आसपास. अठराव्या शतकात इथून संपला, 1837 मध्ये स्वीडनहून परत आणला. 2021-22 च्या हिवाळी मोजणीत देशभरात अंदाजे 542 उरले. हा पक्षी बघायच्या इराद्याने जाऊ नका. एप्रिल-मे हा त्यांच्या नाचाचा काळ, त्यात व्यत्यय आणणं गुन्हा आहे. पायवाट सोडायची नाही, एवढंच. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. हरणांनी रोपं खाऊ नयेत म्हणून कुंपणं घालत, तर खालून उडणारे कॅपरकॅली त्याच तारांवर आपटून मरत. म्हणून एबरनेथीत बरीचशी कुंपणं काढली आणि हरणांचीच संख्या शिकारीने कमी ठेवली. वाटेवर गुडघ्याएवढे पाइन उभे दिसतात ते त्यामुळे.

सुनार्टला उजेड विसरा. लॉख सुनार्ट म्हणजे आपल्या कोकणातल्यासारखी आत शिरलेली खाडी, आणि तिच्या उतारांवर बुटके, वाकडे, अनेक खोडांचे ओक. प्रत्येक फांदीवर शेवाळाची गादी, गादीवर नेचे, नेच्यांशेजारी दगडफूल. हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद. त्यातलं एक, फुप्फुसासारखं दिसणारं, पावसात गडद हिरवं होऊन खोडांवर पानांसारखं लोंबतं. स्वच्छ हवेशिवाय ते तगत नाही. आईला फक्त एवढं दाखवायला घेऊन गेलात तरी दिवस सार्थकी.

हे असं का, तर पाऊस. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. एबरनेथीजवळच्या एविमोर गावाकडे साधारण त्याच्या निम्माच. महाबळेश्वरपुढे दोन हजार म्हणजे किरकोळ, पण आपल्याकडे चार महिन्यांत ओतून आठ महिने खडखडीत. इथे बाराही महिने रिपरिप, समुद्रामुळे थंडीही सौम्य. म्हणून याला समशीतोष्ण वर्षावन म्हणतात. स्कॉटलंडभर मिळून ते 30,000 हेक्टरच्या आसपास उरलं आहे.

अनेक खोडांमागेही कारण आहे. लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा हवा, कातडी कमावायला ओकची साल हवी, म्हणून झाडं बुंध्याशी तोडून पुन्हा फुटू द्यायची. या पट्ट्यातली बोनॉची भट्टी 1753 ते 1876 चालली. लाकूड पैसा देत होतं म्हणून राईत मेंढरं शिरू दिली नाहीत, आणि राई वाचली. आजचा शत्रू दिसायला देखणा आहे. जूनमध्ये जांभळ्या फुलांनी डवरलेलं ऱ्होडोडेंड्रॉन बागांतून पळून आलेलं आहे आणि आपल्या सावलीत खालचं सगळं मारतं. फोटो काढा, कौतुक करू नका.

प्राणी? खाडीच्या काठी सील हमखास, पाणमांजर नशिबाने. स्ट्रॉन्शियन गावाजवळच्या एरियन्डल राखीव राईत मेच्या मध्यापासून जूनपर्यंत, ऊन पडलं तरच, चेकर्ड स्किपर हे तपकिरी पंखांवर पिवळ्या ठिपक्यांचं चिमुकलं फुलपाखरू दिसतं. इंग्लंडमधून ते 1976 मध्ये संपलं होतं, इथल्या पट्ट्यात टिकून राहिलं. स्ट्रॉन्शियन नाव ओळखीचं वाटलं ना? स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य इथल्याच खनिजातून ओळखलं गेलं.

पोचण्यात मात्र एबरनेथी सरळ जिंकतं. एडिंबराहून रेल्वेने एविमोरला तीन तासांच्या आत-बाहेर; पुढे वाफेच्या गाडीने बोट ऑफ गार्टन, तिथून लॉख गार्टन तासाभराची चाल. गुडघे कुरकुरत असतील तर शेजारच्या रॉथिमर्कसमध्ये लॉख अन आयलीनभोवतीची पाच किलोमीटरची सपाट वाट धरा, तळ्यातल्या बेटावर पडका किल्ला आहे. सुनार्टला गाडी हवीच. कोरनला मोटारी नेणाऱ्या फेरीबोटीने पाच मिनिटांत पलीकडे, मग वीस-पंचवीस किलोमीटरचा अरुंद रस्ता. फेरीबोट कधी दुरुस्तीला बंद असते आणि वळसा मोठा पडतो, तेव्हा निघण्याआधी पाहून घ्या.

मिज नावाची चिलटं दोन्हीकडे, पण ओल्या पश्चिमेला जून ते ऑगस्ट ती माणसाला रडवतात. वारा सुटला की गायब. गोचिडी दोन्हीकडे सारख्याच. पँट मोज्यात खोचा, रात्री अंग तपासा, लाइम रोग थट्टा नाही.

मला स्वतःला कुणी विचारलं तर सुनार्ट, तेही पावसात. पण गाडी नसेल, आई-बाबा सत्तरीचे असतील किंवा दुर्बीण घेऊन निघाला असाल, तर बिनदिक्कत एबरनेथी. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं तेव्हाही एबरनेथीच. मेच्या उत्तरार्धात गाडी हाताशी आणि एक रात्र मुक्कामाची तयारी असेल तरच सुनार्ट निवडा. तेव्हा राईत ब्लूबेल्सची निळी फुलंही असतात आणि चिलटांचा जोर अजून चढलेला नसतो. आणि आईला निघण्याआधीच सांगून ठेवा: दगडफूल कितीही ताजं दिसलं तरी खुडून पर्समध्ये टाकायचं नाही.