वीस वर्षांनी परत विंडसर्फिंग: माळ्यावरचा बोर्ड, रुंद बोर्ड की फॉइल?

मी शेवटची बूम, म्हणजे सेलचा (शिडाचा) हातात धरायचा दांडा, धरली होती २००४ मध्ये. मग नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि परत बोर्डवर पाय ठेवला तेव्हा वय ४७, वजन ६८. मधल्या काळात सामान सगळंच पालटलंय, आणि माझ्यासारखेच परत येऊ बघणारे तीन-चार जण "आता काय घेऊ?" विचारतात म्हणून जे जे वापरून बघितलं ते एकाशेजारी एक ठेवते. मत आधीच सांगते: गोव्यात राहून सुरू करत असाल तर डॅगरबोर्डवाला (मधून खाली सोडता येणारी फळी असलेला) रुंद बोर्ड घ्या, फॉइल (बोर्ड पाण्याच्या वर उचलणारा, दांड्याखालचा पंख) पहिल्या सीझनला नको, आणि चार पैसे जास्तीचे असतील तर ते मास्ट (सेलची डोलकाठी) आणि सेलवर घाला.

आधी वारा, कारण सगळं त्याच्यावरच ठरतं. आपल्याकडे वारा दुपारचा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे थोडा वाहतो, ऊन तापलं की बारा-एक नंतर वायव्येकडून समुद्राचा वारा सुरू होतो, तीन-चारला भरात येतो आणि सूर्य बुडेपर्यंत पडतो. डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच दुपारी आठ-दहा नॉटवरच (नॉट म्हणजे वाऱ्याच्या वेगाचं माप) अडकतो, मार्च ते मे मध्ये बारा-पंधरा मिळतो, लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले की समजायचं बारा झाला. जून ते सप्टेंबर विसरा. त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून वीस-पंचवीस नॉटसाठी बनवलेला ९० लिटर आकारमानाचा छोटा बोर्ड आणलात तर तो इथे नुसता भिंतीला टेकून राहणार.

आता माळ्यावरचा जुना लांब बोर्ड. माझा होता तसला, पावणेचार मीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम ६३ सेमी रुंद, १९९६ ते २००४ च्या ऑलिम्पिकमध्ये जो मिस्ट्रल वन डिझाईन होता त्याच घराण्यातला. ह्याला लोक उगाच मोडीत काढतात. हलक्या वाऱ्यात तो पाणी कापत इतका सुंदर सरकतो की जानेवारीतल्या आठ नॉटला पणजीजवळच्या करंजाळ्याहून मिरामारपर्यंत जाऊन परत येताना मला नव्या बोर्डपेक्षा तोच आवडला, डॅगरबोर्ड खाली टाकला की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर चढणंही सोपं. पण वारा वाढला की अरुंदपणा जाणवतो, वीस वर्षं न वापरलेल्या गुडघ्यांना तोल सांभाळणं जड जातं आणि सेल वर ओढताना चार वेळा पडून दम जातो. शिवाय आत फोमने पाणी पिलेलं असलं तर १६-१८ किलोचा बोर्ड २२ चा होतो, म्हणून आधी काट्यावर ठेवून बघा. लांब बोर्ड मनापासून आवडत असेल तर त्याच जातीचा नवा विंडसर्फर एलटी बघा, ५.७ चौरस मीटरचं एकच सेल, ७४ सेमी रुंदी, साधं सामान.

दुसरा मोह म्हणजे सेकंडहँड आरएसएक्स. २००८ ते टोकियोपर्यंत ऑलिम्पिकमध्ये हाच बोर्ड होता, आपल्या गोव्याची डेन आणि कात्या कुएल्हो ही भावंडं ह्याच क्लासमध्ये खेळलीत आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला इबाद अलीने ब्राँझ मिळवलं तेही ह्याच्यावर. म्हणून आपल्याकडे विकायला निघालेला दिसतो आणि किंमत बघून हात शिवशिवतात. पण हा रेससाठीचा बोर्ड आहे, ९३ सेमी रुंद, साडेपंधरा किलो, पुरुषांचं सेल साडेनऊचं आणि फिन (बोर्डखालचा पर) ६६ सेमी. ते साडेनऊचं ओलं सेल पाण्यातून उचलून बघा एकदा, पाठ दुसऱ्या दिवशी बोलते. फिट असाल, वजन ८० च्या पुढे असेल आणि रेसच करायची असेल तरच घ्या.

मी शेवटी घेतला तो रुंद बोर्ड, अडीच मीटरच्या आसपास लांब, ८० सेमी रुंद, १५० लिटर, मधे डॅगरबोर्ड. लिटरचा साधा हिशोब असा की आपल्या वजनात ७०-८० मिळवा, म्हणजे बोर्डवर उभं राहून आरामात सेल वर ओढता येतं. सवय झाली की पुढच्या बोर्डला ४०-५० मिळवले तरी चालतात, पण पहिल्याच दिवशी तिथे उडी मारू नका. फरक काय पडतो? पडणं निम्म्यावर आलं. बारा-तेरा नॉटला साडेसहाच्या सेलवर तो पाण्यावर उठून प्लेनिंग करायला लागतो, जे जुन्या बोर्डवर मला पंधराच्या वर मिळायचं. वाईट काय तर आठ नॉटला तो रेंगाळतो, लांब बोर्डसारखा सरकत नाही. डॅगरबोर्ड नसलेले स्वस्त फ्रीराइड बोर्ड पण दिसतील, मी म्हणेन नको, कारण हलक्या वाऱ्यात खाली वाहवत जाऊन करंजाळ्याचा अर्धा किनारा बोर्ड खांद्यावर घेऊन चालत यावं लागतं.

हवा भरायचे बोर्ड फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणि गाडीवर कॅरिअर नसलेल्यांना बरे, शिकायला आणि पोरांना घेऊन जायला छान. जोराच्या वाऱ्यात मधून वाकतात. एक लक्षात ठेवा, पूर्ण फुगवून दुपारच्या उन्हात वाळूवर सोडू नका, आतली हवा तापून शिवणीवर ताण येतो.

फॉइलबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळे आता हेच विचारतात. पॅरिस २०२४ पासून ऑलिम्पिकमध्ये पण फॉइलच आहे. आणि खरं सांगायचं तर कागदावर ते गोव्यासाठीच बनलंय, आठ-दहा नॉटला पाच-सहाच्या सेलवर बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो, आवाज बंद, धक्के बंद, फार सुंदर अनुभव आहे. मग नको का म्हणते? एक, खोली. फॉइलचा दांडा ७५ ते ९५ सेमी, त्याखाली पंख, म्हणजे छातीपर्यंत पाणी असल्याशिवाय उपयोग नाही, आणि आपल्या उथळ किनाऱ्यांवर ओहोटीला तेवढं पाणी मिळवायला खूप आत जावं लागतं, त्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचे पट्टे. दोन, जाळी. संध्याकाळी मच्छीमारांची जाळी टाकलेली असतात, छोट्या फिनने वरून निसटता येतं, फॉइल अडकतं, आणि त्यात नुकसान त्यांचंही होतं, पोटाचा प्रश्न आहे त्यांचा. तीन, पडणं उंचीवरून आणि खाली धारदार पंख, हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट हवंच. पण बोर्ड घेतानाच फॉइल लावता येईल असा मजबूत बॉक्स असलेला घेतलात तर पुढच्या वर्षी दार उघडं राहतं. आणि घेतलंच तर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवून स्क्रू काढून ग्रीस लावा, अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि स्टीलचे स्क्रू खाऱ्या पाण्यात एकमेकांना खातात आणि मग निघतच नाहीत.

आता सेल आणि मास्ट, इथेच परत येणारे लोक जास्त चुकतात. माझं जुनं सेल वरून ठीक दिसत होतं, अंगठ्याने दाबलं तर प्लास्टिक करकरलं आणि फाटलं, उन्हाने तसंच होतं. जुना फायबरचा मास्ट नव्या सेलला लावला तर सेलचा आकारच येत नाही, कारण मास्ट कसा वाकतो त्यावर सेल कापलेलं असतं. सेलच्या पिशवीवर किंवा खालच्या टोकाला मास्टची लांबी छापलेली असते, तेवढीच घ्या. माझ्या साडेसहाला ४३० सेमीचा मास्ट आणि एक्स्टेंशन (लांबी वाढवणारा जोड) लागतं. कार्बन ५०-७५ टक्के पुरे, शंभर टक्के कार्बन खडकावर आपटला की जीव हळहळतो. कॅम्बरवालं (आकार टिकवणारे आतले तुकडे असलेलं) सेल नको, वर ओढताना जड. आणि बांधायची पद्धत बदललीय, आधी आपण मागची दोरी ओढून सेल सपाट करायचो, आता खालची दोरी इतकी ओढायची की वरच्या टोकाला कापड सैल लोंबायला लागतं. मला वाटलं मी सेल खराब करतेय, पण तसंच हवं असतं, नाहीतर वारा वाढला की हात तुटतात.

हार्नेस, म्हणजे अंगाच्या वजनाने सेल ओढून धरायचा पट्टा, मी कमरेच्या ऐवजी बसायचा घेतला, पाठीसाठी. तो बूमला अडकवायच्या दोऱ्या पूर्वी २०-२२ इंची असायच्या, आता २६-२८ घ्या, लांबी कमीजास्त करता येणाऱ्या मिळाल्या तर उत्तम.

ह्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे मास्टच्या बुडातला रबरी सांधा. जुना असेल तर पूर्ण वाकवून बघा, बारीक भेग दिसली तरी फेका, दिसली नाही तरी पंधरा वर्षं जुना असेल तर फेका, सोबत सुटी सुरक्षा दोरी लावा. तो ओहोटीच्या वेळी मांडवीच्या मुखाशी तुटला तर पाणी आग्वादच्या बाहेर नेतं, आणि सकाळचा जमिनीकडचा वारा असेल तर आणखी आत समुद्रात. पहिले दोन महिने मी दुपारीच उतरते, भरती चढत असताना, आणि किनाऱ्यावर कोणीतरी बसलेलं असतं.