सांगली-मिरज सिटी बस: फ्लॅट बघायच्या आधी हे वाचा

सांगली स्टँड ते मिरज, माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार. आणि हा रिव्ह्यू खास करून त्यांच्यासाठी जे सध्या सांगलीत फ्लॅट नायतर प्लॉट बघत फिरतायत.

सकाळी कॉलेजच्या टायमाला सांगली-मिरजेच्या मधल्या विश्रामबागला उभं राहून बघा, सांगलीकडनं आलेली गाडी पण फुल्ल आणि मिरजेकडनं आलेली पण फुल्ल. विलिंग्डनची, वालचंदची पोरं धडाधड उतरतात, लगेच मिरजेच्या दवाखान्यांना निघालेली माणसं चढतात, मांडीवर एक्सरेचा मोठा लिफाफा, पिशवीत डबा. समोरच्या गाडीतनं मार्केट यार्डला, पेठेत कामाला जाणारे. बस चालते ती यामुळंच हो, जाताना पण पॅसेंजर आणि येताना पण पॅसेंजर, म्हणून गाड्या सारख्या असतात, आणि गाड्या सारख्या असतात म्हणून लोक त्याच रोडला घर बघतात, क्लास काढतात, दवाखाना टाकतात, की परत पॅसेंजर वाढले.

गाडीचा आणि जागेचा काय संबंध म्हणणाऱ्यांनी स्टेशन चौकात जाऊन यावं. तिथं स्टेशन नाहीये. पूर्वी होतं, मिरजेहून रेल्वे पार गावात यायची, मग 1970 च्या आसपास ब्रॉडगेज (रुंद रुळांची लाईन) झाली आणि स्टेशन लांब गेलं, रूळ निघाले, पण दुकानं, गर्दी आणि चौकाचं नाव जिथल्या तिथं.

2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, त्यानंतर नदीकाठ सोडून उंचावर घर पाहिजे असं बऱ्याच जणांनी मनावर घेतलं आणि बरोबरच आहे ते. पण उंचावर बघताना बसच्या रोडपासनं किती आत चाललोय हे कुणी मोजत नाही. आम्ही एका स्कीमला गेलो होतो (नाव नको), ब्रोशरवर 'विश्रामबागपासून 5 मिनिटे', ती पाच मिनिटं गाडीवरची! चालत निघालो तर फूटपाथ नाही, लाईट नाही, आईचे गुडघे बोलायला लागले. अशा प्लॉटिंगमध्ये सगळी नुसती घरंच, सकाळी सगळे बाहेर आणि संध्याकाळी सगळे आत, तिथं बस सुरू केली तरी एका बाजूनं रिकामीच पळणार. मग घरटी दोन-दोन गाड्या आल्याच, पेट्रोल आलं, आणि म्हातारी माणसं घरात अडकली.

माझं खरं दुखणं नियमात आहे. 2020 च्या राज्याच्या नव्या बांधकाम नियमावलीत आपल्याकडं किती एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधकाम) वापरता येईल ते रस्ता किती रुंद आहे यावर ठरतं, तिथनं बस किती वेळा जाते हे कुणी विचारतच नाही. रुंद रोड आणि बस नाही अशा ठिकाणी उंच बिल्डिंगा झाल्या तर पुढं ट्रॅफिकच होणार की. या बसच्या रोडपासनं चालत पाचशे मीटरच्या आत जास्त घरं होऊ द्या, त्यात लहान वन बीएचके पण असू द्या, भाड्यानं राहणाऱ्या नर्स आणि पोरांना परवडतील असे.

एक स्टार कापला तो रात्रीसाठी, उशिराच्या रेल्वेनं मिरजेला उतरलात तर रिक्षाचे पैसे खिशात ठेवा.

बाकी घर बघायला जाताना बसनं जा, स्टॉपपासनं चालत जा आणि आईवडलांना सोबत न्या.