पाळणाघर की आजी?

2017 च्या कायदेबदलानंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे बाळंतपणाची पगारी रजा मिळते. ती संपत आली की मुंबईतल्या नोकरदार आईपुढे प्रश्न उभा राहतो: पाळणाघर, की गावाहून आजी? 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करावी लागते, पण तान्ह्याला घेऊन सकाळची विरार लोकल पकडणार कोण? म्हणून घराजवळचंच बघावं लागतं.

तिथे दिवस आखलेला असतो, सोबतीला मुलं असतात. दीड-दोन वर्षांचं मूल छान रमतं. खरी कसोटी जून ते सप्टेंबर. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते, अंग जरा गरम लागलं की फोन येतो, आणि रुळांवर पाणी साचून लोकल खोळंबली तर जीव टांगणीला.

आजी घड्याळ बघत नाही. मऊ भात तुपात कालवून, चिऊचा घास, काऊचा घास करत ती तासभर भरवते. पण दिवसभर कडेवर घेऊन तिचे गुडघे धरतात, आणि गौरी-गणपतीला तिला गावी जायचंच असतं. ते आठ-दहा दिवस आईबाबांनीच रजा काढावी.

माझ्या मते पहिला पावसाळा आजीकडेच. दिवाळीनंतर अर्धा दिवस पाळणाघर, म्हणजे आजीला दुपारी पाठ टेकता येते.