टपालानं मागवलेली रानगूजबेरी: चौथ्या उन्हाळ्यानंतर

मी वाईची. आमच्याकडे गूजबेरी म्हणजे महाबळेश्वरच्या बाजारात मिळते ती, कागदी आवरणातली पिवळी रसभरी. तिचं कूळ टोमॅटोचं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, सेंट लुईसला आले त्याच वर्षी शेजारच्या आजींनी रानातली खरी गूजबेरी दाखवली. कमरेइतकं काटेरी झुडूप आणि फांदीखाली लोंबणारी हिरवी फळं, त्यांवर आवळ्यासारख्याच उभ्या रेषा. एक दाताखाली धरलं आणि कोवळ्या कैरीची आठवण झाली. तेव्हाच ठरवलं, हे झाड परसात हवं.

परसातल्या ओकखाली हनीसकलचं रान माजलं होतं, ते खणून काढलं. मग मिझुरीतल्याच एका देशी झाडांच्या रोपवाटिकेकडून मार्च २०२२ मध्ये पाच रोपं मागवली. वीतभर काटक्याच त्या, माती नसलेल्या, मुळं ओल्या कागदात गुंडाळलेली. पण मुळं काय सुरेख होती! दाट, ओलसर, एकही कुजलेलं नाही. तासभर पाण्यात ठेवली, मूळच्या खुणेपेक्षा दोन बोटं खोल लावली, वर ओकच्या पाल्याचं आच्छादन घातलं. आमची माती चिकण, उन्हाळ्यात तडे जाणारी, म्हणून पहिलं वर्ष पाणी चुकवलं नाही. पाचही जगली. रोपांच्या प्रकृतीबद्दल या रोपवाटिकेला पैकीच्या पैकी गुण.

तक्रार आहे ती नावाबद्दल. पाचही चिठ्ठ्यांवर ‘मिझुरी गूजबेरी’, म्हणजे राइबीज मिझुरिएन्स, असं लिहिलेलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये चार झुडपांना फुलं आली ती पांढरट, पाकळ्या मागे वळलेल्या आणि पुंकेसर लांब बाहेर लोंबणारे, जणू झालरच. पाचव्याची फुलं हिरवट, आखूड घंटेसारखी, केसर आतच. फुलामागची इवलीशी गाठ बोटाला टोचली तेव्हा शंका फिटली. ही राइबीज सायनॉसबाटी, हिच्या फळांवरही काटे येतात. ती इथल्याच रानातली आणि खाण्याजोगी, पण मी मागवली नव्हती. नुसत्या पानांवरून हे कळणं अवघड. दोन्हींची पानं तीन ते पाच टोकांची, दोन्हींना पेरापेरावर काटे.

फोटो पाठवले. दोन दिवसांत उत्तर आलं, चूक कबूल केली आणि पुढच्या मार्चला बदली रोप फुकट आलं. हे मला मनापासून आवडलं. पण सोबतच्या माहितीपत्रकात फुलांचा फरक अजूनही नाही, तो असायलाच हवा. रानात ओळखू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक: जपानी बार्बेरीही काटेरीच, पण तिचं पान अखंड कडेचं, लाकूड आतून पिवळं आणि फळ लाल. गूजबेरीचं पान कातरलेलं, आणि फळाच्या टोकाला वाळल्या फुलाची शेंडी.

पत्रकातलं ‘कीड लागत नाही’ हे वाक्यही काढून टाकावं. मे २०२४ मध्ये हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्यांनी तीन दिवसांत दोन झुडपं बोडकी केली. सकाळ-संध्याकाळ हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. झुडपांना पुन्हा पालवी फुटली, पण त्या वर्षीचं फळ गेलं. आता एप्रिलअखेरपासून मी बुंध्याजवळची पानं रोज उलटून पाहते, कारण अळ्यांची सुरुवात तिथूनच होते.

२०२५ च्या जूनमध्ये मात्र चार झुडपांनी मिळून दोन किलो हिरवी फळं दिली. देठ आणि शेंडी खुडायला दुपार गेली. त्यातल्या अर्ध्यांचा मेथांबा केला. मोहरी-मेथीची फोडणी, तिखट, आणि कैरीला घालते त्याहून मूठभर जास्त गूळ. व्हिडिओवर आईनं विचारलं, “अगं, तिकडे कैऱ्या कुठनं मिळाल्या तुला?” जी फळं झुडपावर राहिली ती जुलैत जांभळी-काळी आणि गोड झाली. काटेरीवालीसुद्धा ठेवली आहे. तिची फळं शिजवली की काटे मऊ पडतात, जॅम छान होतो.

दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी मागवण्याआधी कायदा बघून घ्या. पांढऱ्या पाइनवरचा तांबेरा या कुळातल्या झुडपांवरून पसरतो. देशभराची बंदी १९६६ मध्ये उठली, पण मेनसारख्या काही राज्यांत निर्बंध अजून आहेत.

येत्या मार्चसाठी त्याच रोपवाटिकेकडे आणखी तीन रोपं सांगितली आहेत. या वेळी आधीच लिहून विचारलं, ज्या झुडपांपासून रोपं केली त्यांच्या फुलांचे फोटो पाठवाल का? त्यांनी पाठवले. तिन्हींत केसर लांब बाहेर आहेत.