मोठी संख्या मूळ आहे का? कोणती कसोटी निवडावी

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकी ही संख्या म्हणजे २^६७ − १. फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. ती मूळ नाही. कसोट्या पारखायला मला हिच्याइतकी चांगली संख्या दुसरी माहीत नाही.

सगळ्यात सोपी फर्माची कसोटी. संख्येपेक्षा १ ने लहान घातांक घ्यायचा, पाया २ धरायचा, आणि येणाऱ्या घाताला तपासायच्या संख्येनेच भागायचं. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. इथे मात्र बाकी १ येते! कारण आत डोकावलं की दिसतं: या संख्येने भागल्यावर २^६७ ची बाकी मुळातच १ असते, आणि आपला घातांक २^६७ − २ हा ६७ च्या पटीत आहे. थोडक्यात, अशा संख्यांना पाया २ लावूच नका. ५६१ ही संयुक्त संख्या तर आणखी बेरकी: तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक पायाला ती फसवते.

म्हणून रोजच्या कामाला मी मिलर–राबिन, म्हणजे फर्माच्या कसोटीचं जास्त कडक रूपच सुचवीन. संयुक्त संख्या यादृच्छिक पायाला फसवण्याची शक्यता इथे जास्तीत जास्त एक चतुर्थांश, आणि प्रत्येक नव्या पायाने ती घटत जाते. शिवाय २ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पाया म्हणून वापरल्या, तर सुमारे ३.१८ × १०^२३ पर्यंत निकाल चुकत नाही. आपली संख्या त्यात आरामात बसते.

संख्या २^प − १ अशा रूपाची असेल आणि प विषम मूळ असेल, तर ल्युका–लेमर घ्या. ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. ६७ साठी ६५ पायऱ्या. शेवटी शून्य आलं तरच मूळ. निकाल पक्का, पण इतर संख्यांना ती चालत नाही.

आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची कसोटी कोणत्याही संख्येला चालते, कधीच चुकत नाही, आणि तिचा वेळ अंकांच्या संख्येच्या बहुपदीतच राहतो, म्हणजे अंक वाढले तरी तो भडकत नाही. सिद्धता जरूर वाचा, फार सुंदर आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र ती संथ पडते.

आता खरा प्रश्न: तुम्हाला फक्त 'मूळ की संयुक्त' हवं आहे, की अवयवही? वरची एकही कसोटी अवयव शोधून देत नाही. ल्युकाने १८७६ मध्ये ही संख्या संयुक्त ठरवली, पण अवयव हाती यायला १९०३ उजाडलं. अवयव हवे असतील आणि संख्येला खास रूप नसेल, तर पोलार्डची ऱ्हो रीत वापरा. इथे रूप आहे, त्याचा फायदा घ्या: या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक १३४क + १ असाच असतो (क ही पूर्ण संख्या). सगळ्या विषम संख्यांनी भागत गेलात तर साडेनऊ कोटींहून जास्त भागाकार लागतील; या वाटेने क = १४४५५८० ला उत्तर सापडतं. फ्रँक कोलने अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडलेला गुणाकार तो हाच: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.