एकच प्रिंटर, दोन नावं: आठ महिने वापरल्यावर

फोर्टात आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि सकाळपासून काउंटरवर रेललेले वकिलांचे कारकून. प्रत्येक कामाला मार्जिन, फॉन्ट, कागद नव्याने लावण्यात जीव जायचा. म्हणून गेल्या जूनमध्ये लिबरऑफिस रायटर या टायपिंगच्या मोफत प्रोग्राममध्ये टेम्प्लेट, म्हणजे मार्जिन-फॉन्ट आधीच लावलेले नमुने, केले आणि कागद, पाठपोट वगैरे सेटिंग प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, साठवली.

सगळ्यात कामाचं निघालं ते स्टॅम्प पेपरचं टेम्प्लेट. त्या कागदाचा वरचा भाग छापील, मजकूर त्याच्या खालून सुरू करायचा. आधी आम्ही एंटर मारत मारत खाली यायचो. मग एखादं नाव लांबलं की सगळं घसरलंच. आता पहिल्या पानाची पेज स्टाइल, म्हणजे पानाची साठवलेली मांडणी, वेगळी केली आहे, वरचं मार्जिन पट्टीने मोजून घातलंय आणि 'पुढची स्टाइल' म्हणून साधं पान दिलंय. मजकूर कितीही वाढला तरी दुसरं पान आपलं वरूनच सुरू होतं.

दिल्लीला जाणाऱ्या याचिकांचंही एक आहे. सुप्रीम कोर्टाला २०२० पासून ए-फोर कागद पाठपोट, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीडपट अंतर, डावीउजवीकडे ४ सेंटीमीटर आणि वरखाली २ असं लागतं. २१ सेंटीमीटरच्या कागदावर मजकुराला १३च उरतात. "ताई, एवढी जागा वाया?" हे प्रत्येक नवा कारकून विचारतोच.

आता माझा गाढवपणा. रायटरमध्ये मजकुराच्या स्टाइलला आमच्या कामाचे दोन फॉन्ट असतात, एक इंग्रजीचा आणि एक देवनागरीचा. दोघांचे साइजही वेगळे. १४चं टेम्प्लेट कॉपी करून मी मराठी प्रतिज्ञापत्रासाठी १२चं केलं, पण बदलला फक्त इंग्रजीचा आकडा. मराठी मजकूर १४मध्येच राहिला. शेवटच्या दोन ओळी आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली. त्यात आदल्या कामाचं पाठपोट सेटिंग चालूच होतं, त्यामुळे ते दुसरं पान थेट स्टॅम्प पेपरच्या पाठीवर छापून आलं. ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कामांना १००च्या जागी ५००चा स्टॅम्प लागतो, आणि हा ५००चाच होता. भरला आम्ही. टेम्प्लेट आहे म्हटल्यावर प्रिव्ह्यू बघायची सवयच गेली होती.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. प्रत्येक स्टाइलमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि साइज जाऊन तपासले (ऑप्शनमध्ये कॉम्प्लेक्स लेआउट चालू नसेल तर तो रकाना दिसतच नाही). आणि विंडोजमध्ये तोच प्रिंटर दोन नावांनी जोडला, 'स्टॅम्प एकबाजू' आणि 'ए-फोर पाठपोट'. प्रत्येकाची प्रिंटिंग डिफॉल्ट वेगळी. दुकानात मदतीला असलेल्या पोराला आता सेटिंग सांगावी लागत नाहीत, नाव सांगितलं की झालं.

कटकट कुठे आहे, तर ड्रायव्हरमध्ये. नोव्हेंबरमध्ये ड्रायव्हर नव्याने टाकावा लागला आणि साठवलेलं सगळं पुसलं गेलं. टेम्प्लेटच्या फायली पेनड्राइव्हवर होत्या म्हणून त्या वाचल्या, ड्रायव्हरची सेटिंग मात्र पुन्हा आठवून लावावी लागली. तेव्हापासून सेटिंगच्या खिडकीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले आहेत. गिऱ्हाइकाच्या फाइलबरोबर कधी कधी त्याच्याच प्रिंटरची सेटिंग येते, तीही ऑप्शनमधून बंद केली.

जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली अजून येतात. त्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. त्यांना यातलं काहीच लागू होत नाही. मजकुराला आमच्या टेम्प्लेटची स्टाइल लावली की 'अर्जदार'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तसलं काम आलं की मी टेम्प्लेट बंद करते आणि दर सांगताना वीस रुपये जास्त सांगते.