भूजलावर ‘दहा वर्षांची गॅरंटी’ : 1,68,000 रुपये पाण्यात

तळघरातील मोरीच्या जाळीतून पावसाळ्यात पाणी उलटे वर येत असेल आणि मे महिन्यात कोणी ते कायमचे बंद करून देण्याची हमी देत असेल, तर एक पैसाही देण्यापूर्वी हे वाचावे. माझ्याकडून या कामाचे 1,68,000 रुपये घेण्यात आले आणि जुलैत पाणी जाळीऐवजी फरशी उचलून वर आले.

आमचे घर कोकण किनाऱ्यालगतच्या एका गावात, उतारावर जांभा खोदून बांधलेले आहे. खालची खोली मागच्या बाजूने जमिनीत गेलेली असून तिथे आम्ही आमसुले, काजूबी आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवतो. जाळीची नळी बाहेरच्या शोषखड्ड्यात सोडलेली आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात भराभर मुरते, आणि आषाढात विहीर वर येते तेव्हा शोषखड्डाही तुडुंब भरून जाळीतून पाणी चढू लागते. त्या पाण्याला दुर्गंधी नसते, म्हणजे ते सांडपाणी नव्हे, भूजल आहे, हे मी हमी देणाऱ्या ठेकेदाराला पहिल्याच भेटीत सांगितले होते. तेव्हा ‘शिकल्यासवरलेल्या माणसाला एवढे कळू नये?’ असे विचारणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

गणवेश, ओल मोजणारे यंत्र, मोबाईलमधले आधी-नंतरचे फोटो, सगळे यथासांग होते. आधी 1,85,000 रुपये सांगितले आणि ‘पावसाआधीची सवलत’ म्हणून 17,000 कमी केले. 60,000 आगाऊ, 75,000 काम निम्मे झाल्यावर आणि 33,000 शेवटी. पक्के बिल हवे असल्यास 18 टक्के जीएसटी वर पडेल, असे सांगून बिल टाळले. पैसे एका बाईच्या खात्यावर मागवले; विचारल्यावर ‘वहिनींचे खाते आहे, फर्मच्या खात्याची आजची मर्यादा संपली’ असे उत्तर मिळाले. फर्मच्या खात्याशिवाय अन्यत्र पैसे पाठवू नका, मग वहिनी कोणाचीही असो.

नळीत एकेरी झडप (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी) बसवली, फरशीच्या कडेने भोके पाडून त्यांत पांढरे द्रावण भरले आणि मग ‘चाचणी’ घेतली. बाहेर टँकर उभा करून पाइप जाळीत सोडला. पाणी गुडगुडत खाली गेले. ‘बघा काका, एक थेंब मागे येत नाही.’ मी चहाचा ट्रे हातात धरून तिथेच उभा होतो. त्या खोलीच्या खिडकीतून आमची विहीर दिसते, आणि त्या दिवशी तिचे पाणी पार तळाला गेलेले होते. ते मला ठाऊक होते. कोरड्या जमिनीत पाणी खाली जाणारच, त्याने वर येणाऱ्या पाण्याची परीक्षा कशी होईल? हा प्रश्न त्या क्षणी तोंडातून निघायला हवा होता, आणि तो निघाला नाही याचा संताप आजही जात नाही. विहिरीला एरवी पाणी कुठपर्यंत चढते, हे त्या माणसाने एकदाही विचारले नव्हते. जो विचारत नाही त्याला दारातूनच परत पाठवावे.

त्यानंतर त्यांनी जाळीवर सिमेंट भरून तोंड बंद केले. इथे खरे नुकसान झाले. पाण्याची पातळी फरशीच्या 1 फूट वर गेली की खालून चौरस फुटाला सुमारे 28 किलो दाब येतो; 4 इंच काँक्रीटचे स्वतःचे वजन चौरस फुटाला 22-23 किलोच भरते. आमच्याकडे विहिरीचे पाणी फरशीच्या पातळीच्या 3 फूट वर चढते. आधी जाळीतून तो दाब निदान मोकळा होत होता. जुलैत प्रथम फरशांच्या सांध्यांतून पाण्याचे मणी फुटले, मग मधली फरशी पायाखाली पोकळ वाजू लागली आणि एका रात्री कोपऱ्यात भिंत व फरशी यांच्यामधून धार लागली. 22,400 रुपयांचा माल भिजला.

गॅरंटीचा कागद 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होता आणि तो शेवटचे 33,000 घेतल्यावरच हाती दिला गेला. त्यात बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘भूजलाच्या दाबामुळे होणारी गळती वगळून.’ ज्या कारणासाठी त्याला बोलावले, नेमके तेच वगळून! गॅरंटीचा मसुदा आगाऊ रकमेच्या आधी मागा.

पोलीस ठाण्यात ‘काम तर झाले ना? मग ही दिवाणी बाब आहे’ असे ऐकवले. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे, असे म्हणताच समोरच्या साहेबांनी ‘मग वकीलच करा’ म्हणून अर्ज परत सरकवला. पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली बंदोबस्तावर गेलेल्या हवालदाराकडे! बँकेत सांगितले की व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलेला आहे. ग्रामपंचायतीत खाजगी घराचे तळघर आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणाले, मात्र त्याच खोलीची घरपट्टी त्यांच्या अखत्यारीत बरोबर येते. प्रत्येक टेबलावर मला दुसऱ्या टेबलाचा पत्ता मिळाला, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘म्हातारा फसला’ एवढेच होते.

शेवटी गावातल्याच गवंड्याने सिमेंट फोडले, कडेने खडीत भोकांची नळी टाकली, कोपऱ्यात खड्डा करून त्यात फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढताच आपोआप सुरू होणारा, पाणबुडी पंप बसवला. खर्च 46,500 रुपये. पाणी अडवले नाही, गोळा करून उताराच्या खालच्या अंगाला सोडले. पंपाच्या नळीला एकेरी झडप हवीच, नाहीतर तेच पाणी खड्ड्यात परत येते. पंप इन्व्हर्टरवर घ्या. पाणी चढते त्याच रात्री वीज जाते. बाहेर काढलेले पाणी सेप्टिक टाकीत सोडू नका.

आता मी ग्राहक आयोगात जात आहे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, त्यामुळे ठेकेदार बाहेरगावचा असला तरी अडत नाही. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची आहे. सल्ल्यासाठी 1915 हा क्रमांक आहे. ठेकेदाराचे व्हॉट्सॲप संदेश, यूपीआयच्या पावत्या आणि उचललेल्या फरशीचे तारखेसह फोटो मी जपून ठेवले आहेत. त्याने मात्र स्वतःचे नवे संदेश ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सुरुवात केली आहे, तेव्हा तुमचे स्क्रीनशॉट पैसे देण्याच्या दिवशीच काढा.